कम्युनिटी कॉलेजात खगोलशास्त्राचा पहिला कोर्स : कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत बस्तान बसलं की वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच मराठी घरांत एक प्रश्न निघतो : आता काय शिकायचं? कुणी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे एच-फोर व्हिसावर आलेलं असतं, कुणाची मुलगी अकरावीत असते आणि तिला काहीतरी वेगळं करून पाहायचं असतं, कुणी ग्रीन कार्डावर आलेले आजोबा असतात, ज्यांची आकाशाची हौस नोकरीच्या धबडग्यात मागे पडली. या सगळ्यांना मी एकच सुचवते : जवळच्या कम्युनिटी कॉलेजात खगोलशास्त्राचा पहिला कोर्स घ्या. पूर्वतयारी जवळजवळ लागत नाही, फी आवाक्यात असते, आणि 'हे आपल्याला कसं कळलं?' हा विज्ञानाचा मूळ प्रश्न या विषयाइतका सरळ क्वचितच कुठे समोर येतो.

मी बे एरियात राहते, त्यामुळे उदाहरणं कॅलिफोर्नियाची देते. इतर राज्यांत फी आणि नियम बदलतात, अभ्यास तोच राहतो.

कॉलेज आणि प्रवेश

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं, ते यातलं पहिलं मानतात. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. इथे प्रवेश परीक्षा नाही, कट-ऑफ नाही, वयाची वरची मर्यादा नाही. अठरा वर्षं पूर्ण असली किंवा हायस्कूल झालेलं असलं की पुरे. आपल्याकडे 'सहज प्रवेश मिळतो' म्हटलं की कॉलेजच्या दर्जाबद्दल शंका येते, ती इथे मनातून काढून टाका. इथल्या प्राध्यापकांचं मुख्य काम शिकवणं हेच असतं, आणि विद्यापीठातल्या शेकडो मुलांच्या सभागृहापेक्षा इथला वर्ग बराच लहान असतो. प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतात.

अर्ज 'सीसीसी अप्लाय' या राज्याच्या पोर्टलवर भरायचा, त्याला पैसे पडत नाहीत. राज्याच्या रहिवाशांसाठी फी सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षाची दोन मोठी सत्रं) कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर आणि क्वार्टर पद्धतीच्या (बारा आठवड्यांची छोटी सत्रं) कॉलेजात ३१ डॉलर आहे. युनिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं माप. लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल आणि कुपर्टिनोचं डी ॲन्झा ही दोन्ही क्वार्टर पद्धतीची कॉलेजं. पाच युनिटांचा कोर्स म्हणजे १५५ डॉलर, वर आरोग्य शुल्क आणि पार्किंगसारखे किरकोळ खर्च. रहिवासी नसलेल्यांना याच्या कितीतरी पट फी पडते, म्हणून व्हिसाचा मुद्दा आधी नीट समजून घ्या. एच-फोरवर शिकायला परवानगी आहे. राज्यात वर्षभर राहून झालं असेल तर रहिवासी दरही मिळू शकतो, त्यासाठी भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न असे कागद घेऊन ॲडमिशन ऑफिसात जा. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना मात्र कोर्सला नाव घालता येत नाही. त्यांच्यासाठी सार्वजनिक व्याख्यानं आणि वेधशाळा आहेत, त्याबद्दल पुढे.

हायस्कूलच्या मुलांना शाळेच्या काउन्सेलरची आणि पालकांची सही घेऊन कॉलेजचा एखादा कोर्स करता येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना युनिटांची फी माफ असते. पालकांना एवढंच सांगते : इथे मिळालेली ग्रेड मुलाच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कायमची राहते. 'जमलं तर जमलं' म्हणून घ्यायचा हा कोर्स नव्हे. ज्या क्वार्टरमध्ये शाळेचं ओझं कमी असेल ती निवडा.

कुठला कोर्स घ्यायचा

बहुतेक कॉलेजांत विषय दोन कोर्सांत विभागलेला असतो. एकात सूर्यमाला, दुसऱ्यात तारे, दीर्घिका आणि विश्वाची उत्पत्ती. काही ठिकाणी दोन्ही मिळून एकच सर्वसाधारण कोर्स असतो. दोन्हींची सुरुवात सारखीच असते : आकाशाची हालचाल, गुरुत्वाकर्षण, प्रकाश. ज्यांनी आकाश कधी नीट पाहिलेलं नाही त्यांनी सूर्यमालेपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. चंद्र, शुक्र, गुरू हे शहरातूनही दिसतात, वर्गात ऐकलेलं त्याच रात्री गच्चीवरून तपासता येतं. कृष्णविवरांच्या ओढीने थेट दुसऱ्या कोर्सात शिरणारे पुष्कळ असतात. कोर्स त्यांचाही पार पडतो, पण त्यांचा आकाशाशी संबंध पडद्यावरच्या चित्रांपुरता राहतो.

लॅबचा वेगळा, साधारण एका युनिटचा कोर्स असतो. पुढे डिग्रीसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया किंवा कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठांत ट्रान्सफर घ्यायची असेल तर सर्वसाधारण शिक्षणाच्या 'कॅल-जेटसी' यादीत भौतिक विज्ञान आणि प्रयोगशाळा या दोन्ही अटी असतात, त्या थिअरी आणि लॅब मिळून भागू शकतात. नेमका कोणता कोर्स कुठे धरला जातो हे राज्याच्या 'असिस्ट' या संकेतस्थळावर पाहा आणि काउन्सेलरकडून खात्री करून घ्या. भौतिकशास्त्रात किंवा इंजिनिअरिंगमध्ये डिग्री करायची असेल तर हा कोर्स मुख्य विषयात धरत नाहीत, त्यासाठी कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स लागतं. ट्रान्सफरचा प्रश्नच नसला तरी लॅब घ्या. या विषयाची गोडी लॅबमध्ये लागते.

ऋतूचाही विचार करा. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश ढगांत असतं, आकाशदर्शनाचे दिवस दिवाळीपासून पुढे. इथे उलट. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा आणि निरभ्र, पाऊस हिवाळ्यात. लॅबसाठी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी फॉल क्वार्टर उत्तम : आकाश बहुधा स्वच्छ असतं आणि अंधारही लवकर पडतो. स्प्रिंगमध्ये सूर्य मावळायलाच आठ-साडेआठ होतात, लहान मुलं असलेल्यांना ते जड जातं.

वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी प्रत्यक्ष हजर राहा. पहिल्या आठवड्यात काहीजण सोडून जातात, आणि प्राध्यापक 'ॲड कोड' (भरलेल्या वर्गात नाव घालायचा परवानगीचा क्रमांक) देतात तो समोर बसलेल्यांना. कोर्स झेपत नाही असं वाटलं तर दोन तारखा महत्त्वाच्या : एक, जिच्या आत सोडलं तर नोंदही राहत नाही आणि पैसे परत मिळतात; दुसरी, जिच्या आत सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' येतं, पण नापासाची ग्रेड येत नाही. दोन्ही कॅलेंडरात लाल पेनाने लिहून ठेवा.

पुस्तक विकत घेण्याआधी सिलॅबस वाचा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाने २०१६ साली खगोलशास्त्राचं एक पूर्ण पाठ्यपुस्तक फुकट उपलब्ध करून दिलं आणि बरीच कॉलेजं आता तेच लावतात. त्याच्या तीन मुख्य लेखकांपैकी एकाने फूटहिल कॉलेजातच हा विषय वर्षानुवर्षं शिकवला आहे, आणि विज्ञानाची धास्ती असलेल्या विद्यार्थ्याला समोर बसवून ते लिहिलंय हे पानापानावर जाणवतं.

गणित किती लागतं

दहावीचं बीजगणित पुरतं. घातांक, गुणोत्तर, एका सूत्रातून हवी ती राशी बाजूला काढणं, एवढं हाताला असलं की झालं. आपल्या लोकांना खरी अडचण येते ती आकड्यांच्या नावांनी. प्राध्यापक मिलियन, बिलियन, ट्रिलियन म्हणतात आणि आपलं डोकं लाख, कोटीत चालतं. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. पृथ्वी ते सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर. एक प्रकाशवर्ष सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. भाषांतर करत बसण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच सगळं दहाच्या घातात लिहायची सवय लावून घ्या. मग गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, आणि कागदावर शून्यांची रांग लावावी लागत नाही.

एक नमुना करून पाहा. केपलरचा तिसरा नियम सांगतो की ग्रहाला सूर्याभोवती फिरायला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग हा त्याच्या अंतराच्या घनाइतका असतो, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत धरायचं. गुरू ५.२ पट दूर आहे. ५.२ चा घन १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६. म्हणजे गुरूला एक फेरी घालायला बारा वर्षांना थोडी कमी लागतात. नाशिकचा सिंहस्थ गुरू सिंह राशीत आला की भरतो आणि साधारण बारा वर्षांनी परत येतो, त्याचं गणित हे. आणि ११.८६ व १२ यांतला फरक साचत जातो, म्हणूनच हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर बारा न होता अकरा वर्षांनी, २०२१ साली भरला. असं एखादं उदाहरण स्वतः सोडवलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. शनीचं अंतर ९.५४ घेऊन तुम्हीच करून पाहा, साडेएकोणतीस वर्षं येतील. त्याला बारा राशींनी भागा आणि एका राशीत शनी अडीच वर्षं का म्हणतात ते समोर येईल.

आकाशाचं जे आधीच माहीत आहे

मराठी घरात वाढलेला माणूस या वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही. आजीच्या पंचांगात आणि आईच्या उपासांत चांगल्यापैकी खगोलशास्त्र असतं. फक्त ते वर्गातल्या भाषेशी जोडून घ्यावं लागतं.

चंद्राच्या कला हा वर्गातल्या बहुतेकांना अडणारा पहिला धडा. पुष्कळ जण शेवटपर्यंत समजत असतात की चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. सावलीचा संबंध फक्त ग्रहणाशी. कला होतात त्या सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या कोनामुळे, आणि तिथी म्हणजे तोच कोन. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. तीस तिथींत ३६० अंश. पौर्णिमेच्या शेवटी १८० अंश, म्हणजे चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. शुक्ल अष्टमीला कोन नव्वदच्या आसपास, म्हणून अर्धा चंद्र दुपारी उगवतो आणि संध्याकाळी डोक्याशी दिसतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत घरातले सगळे भुकेले बसलेले असतात ना? चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी तो सव्वातीन तासांनी मागे पडलेला असतो, म्हणून जेवायला नऊ वाजतात. 'कृष्ण चतुर्थीचा चंद्र संध्याकाळी सहाला कुठे असेल?' असा परीक्षेतला प्रश्न संकष्टी करणाऱ्याला अडू नये. तो क्षितिजाखाली असतो.

अमावस्येला दर महिन्याला ग्रहण का होत नाही, हाही ठरलेला प्रश्न. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही पातळ्या ज्या दोन बिंदूंत एकमेकींना छेदतात त्यांना आपल्याकडे राहू आणि केतू म्हणतात. अमावस्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ पडली तरच ग्रहण. हे बिंदू स्थिर नसतात, साडेअठरा वर्षांच्या आसपास ते एक उलटी फेरी पूर्ण करतात.

मकर संक्रांतही कामाला येते. उत्तरायण, म्हणजे सूर्याचं उत्तरेकडे सरकणं, खरं तर २१-२२ डिसेंबरला सुरू होतं, आणि आपण संक्रांत जानेवारीच्या मध्यावर करतो. हा तीन आठवड्यांवरचा फरक पडला तो पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे. एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. वर्गात 'प्रिसेशन' शब्द आला की संक्रांत आठवा.

एका बाबतीत मात्र आपला अनुभव आपल्याला चकवतो : ऋतू. महाराष्ट्रात कडक उन्हाळा एप्रिल-मे महिन्यांत आणि पाऊस आला की गारवा, त्यामुळे जून हा सर्वाधिक उन्हाचा काळ ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट गळी उतरत नाही. मुंबई-पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. सॅन होजेत तो कधीच माथ्यावर येत नाही. २१ जूनच्या मध्यान्हीलाही सुमारे ७६ अंशांवरच थांबतो. शिवाय उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे मध्यान्ह दुपारी एकनंतर होते. आणि ऋतू पृथ्वीच्या सूर्यापासूनच्या अंतरामुळे होतात ही समजूत तर जगभर आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा कॅलिफोर्नियात हिवाळा असतो. कारण आहे साडेतेवीस अंशांचा कल. एक काठी उन्हात उभी करून दर आठवड्याला मध्यान्हीची सावली मोजा. दोन महिन्यांत हा धडा कायमचा बसतो.

घरचं आणि इथलं आकाश शेजारी ठेवून पाहणं मला फार आवडतं, आणि लॅबच्या वहीत ते लिहिलं तर प्राध्यापकांनाही आवडतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितका तुमचा अक्षांश : पुण्यात साडेअठरा अंश, सॅन होजेत सदतीस. पुण्याहून सप्तर्षी पूर्ण मावळतात, इथून त्यांचा बराचसा भाग रात्रभर क्षितिजावर राहतो. उलट अगस्त्य हा तारा पुण्यात हिवाळ्याच्या रात्री दक्षिणेला १९ अंशांपर्यंत वर येतो, आणि सॅन होजेत तो क्षितिजाला जेमतेम टेकतो, डोंगराआड राहून जातो. लॉस एंजेलिसहून प्रयत्न केला तर दिसेल. स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या, एकदा ठिकाण पुणे टाका, एकदा सॅन होजे, आणि तीच तारीख, तीच वेळ ठेवून पाहा. नावांचं एक छोटं कोष्टक वहीच्या शेवटच्या पानावर असू द्या : व्याध म्हणजे सिरियस, रोहिणी म्हणजे आल्डेबरन, मघा म्हणजे रेग्युलस, चित्रा म्हणजे स्पायका, स्वाती म्हणजे आर्क्ट्युरस, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस, अभिजित म्हणजे व्हेगा, कृत्तिका म्हणजे प्लायडीज.

नक्षत्रं आणि राशी आल्या की ज्योतिषाचा विषय निघतोच. ग्रह कुठे आहे हे काढणं म्हणजे गणित, त्याने कुणाचं लग्न किंवा नोकरी ठरते हा दावा वेगळा, आणि तो तपासून पाहिल्यावर टिकलेला नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी पत्रिकांवरून भाकितं वर्तवण्याची रीतसर चाचणी घेतली होती, आणि ज्योतिषांचे अंदाज नाणेफेकीहून सरस ठरले नव्हते. वर्गात यावर निबंध आला तर हे उदाहरण जरूर द्या.

प्रकाशाचा धडा

कोर्सचा गाभा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो आणि नेमका तिथेच वर्ग पेंगतो. वर्णपटाचा धडा आहे तो. बाकी काहीही घाईत उरकलंत तरी चालेल, हा धडा घाईत उरकू नका. ताऱ्यापाशी कुणी गेलेलं नाही, आपल्या हाती येतो तो फक्त प्रकाश. तो प्रकाश रंगांत पसरवला की त्यात रेषा दिसतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या. हायड्रोजनची ठळक लाल रेषा ६५६ नॅनोमीटरवर. या रेषांवरून तारा कशाचा बनलाय ते कळतं, त्याचं तापमान कळतं, आणि रेषा किती सरकल्यात त्यावरून तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय तेही.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. त्याच वर्षी सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा सापडली, जी तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. त्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम नाव मिळालं, आणि पृथ्वीवर ते हाती आलं १८९५ साली. म्हणजे एक मूलद्रव्य आधी सूर्यात सापडलं आणि सत्तावीस वर्षांनी आपल्या पायाखाली. पुढे १९२० मध्ये मेघनाद साहांनी तापमान आणि अणूंचं आयनीकरण यांचं समीकरण मांडलं, आणि ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आणि हेलियमचे आहेत. त्या काळच्या मोठ्या नावांना ते पटलं नव्हतं. लॅबमध्ये प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या चष्म्यातून गॅसच्या पेटत्या नळ्या पाहायला मिळतात तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि प्रत्येक नळीच्या रेषा हाताने काढा. चित्र चांगलं यायला हवं असं नाही, जागा बरोबर हव्यात.

अभ्यास कसा करायचा

पाच युनिटांच्या कोर्साला वर्ग आणि घरचा अभ्यास धरून क्वार्टरमध्ये आठवड्याला साधारण पंधरा तास लागतात. क्वार्टर बारा आठवड्यांची, पहिली मिडटर्म बघता बघता येते. वर्गाच्या आधी धडा एकदा वरवर वाचा, नंतर फक्त आकृत्या झाकून पुन्हा काढा. या विषयात आकृती काढता आली म्हणजे समजलं. चंद्राच्या कलांसाठी अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, हातात पांढरा चेंडू धरा आणि स्वतःभोवती फिरा. मुलं घरात असतील तर त्यांना समजावून सांगा, मराठीत. जे मराठीत सांगता येत नाही ते अजून कळलेलं नाही, असं धरून चाला.

परीक्षेत आकडे पाठ असण्यापेक्षा कारण विचारतात. 'शुक्र बुधापेक्षा सूर्यापासून दूर असूनही जास्त तापलेला का?' याला उत्तर हवं हरितगृह परिणाम, आणि पुढची ओळ हवी की शुक्राचं दाट वातावरण जवळजवळ सगळं कार्बन डायऑक्साइडचं आहे. भारतातल्या परीक्षांची सवय असलेले जाणते विद्यार्थी इथे पानभर माहिती लिहितात आणि विचारलेलं कारण राहून जातं. दोन वाक्यांत, पण कारण.

ऑफिस अवर्सना जा. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं, तसं इथे नाही. हा वेळ तुमच्यासाठीच राखलेला असतो आणि बऱ्याचदा कुणी फिरकत नाही. इंग्रजीचा संकोच असेल तर प्रश्न कागदावर लिहून न्या. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची की प्रोफेसर म्हणायचं हे ते पहिल्या दिवशी सांगतात, न सांगितल्यास प्रोफेसर म्हणा. ट्यूटरिंग सेंटर फुकट असतं. बरीच वर्षं शिक्षण सुटलेलं असेल, वर्गात आपण सर्वांत मोठे असू याची काळजी वाटत असेल, तर ती सोडा. चाळिशी-साठीतली माणसं या वर्गांत नेहमीच असतात आणि प्रश्न बहुधा तीच विचारतात.

प्रोजेक्टसाठी विषय निवडायला सांगितला तर घरच्या जवळचा घ्या. नारायणगावजवळ खोडदला असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशांची, कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींसाठी जगातल्या महत्त्वाच्या दुर्बिणींपैकी आहे आणि वर्गात तिच्याबद्दल फारसं कुणाला ठाऊक नसतं. हिंगोली जिल्ह्यात उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा हाही चांगला विषय. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली, तिसरं केंद्र दूर भारतात असलं की लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते जास्त अचूक सांगता येईल.

वर्गाबाहेर

दुर्बीण विकत घेऊ नका, निदान पहिल्या कोर्सात तरी नाही. १०×५० ची द्विनेत्री पुरे. ती कुंपणाच्या खांबावर टेकवून स्थिर धरली की गुरूचे चार चंद्र दिसतात, आणि रोज त्यांच्या जागा टिपल्या तर आठवड्याभरात ते फिरताहेत हे स्वतःच्या नोंदींवरून सिद्ध होतं. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत नेमकं हेच केलं होतं.

मोठ्या दुर्बिणीतून पाहायचं तर जागा भरपूर. फूटहिल कॉलेजच्या आवारातली वेधशाळा पेनिन्सुला ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे स्वयंसेवक लोकांसाठी उघडतात, ओकलंडच्या चॅबो केंद्रात जुन्या मोठ्या दुर्बिणी आहेत, सॅन होजे ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या तारापार्ट्यांना कुणीही जाऊ शकतं. निघण्याआधी त्या त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहा. डी ॲन्झाचं तारांगण मुलांना घेऊन जायला छान. माउंट हॅमिल्टनवरच्या लिक वेधशाळेत १८८८ सालची ३६ इंची दुर्बीण आहे, तिच्यातूनच १८९२ मध्ये बर्नार्ड यांनी गुरूचा पाचवा चंद्र शोधला. वाट भयंकर वळणांची आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन निघावं. फूटहिलमध्ये सिलिकॉन व्हॅली ॲस्ट्रॉनॉमी लेक्चर्स ही व्याख्यानमाला १९९९ पासून चालते. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना तिथे आवर्जून न्या. लॉस एंजेलिसकडच्यांना ग्रिफिथ वेधशाळा आहेच, १९३५ पासून तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

या क्वार्टरला जमलं नाही तर पुढच्या क्वार्टरचं वेळापत्रक लागलं की लगेच पाहा. नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख जुन्यांच्या नंतर मिळते, आणि संध्याकाळचे लॅबचे वर्ग सर्वांत आधी भरतात. त्यामुळे अर्ज, रहिवासी दराचे कागद आणि काउन्सेलरची भेट एवढं तारीख येण्याआधी उरकून ठेवा.